चेहऱ्याची आरक्तता : रोझेशिया, चूल आणि मलमाची ट्यूब

चेहऱ्यावर पिटिका घेऊन येणारा प्रत्येक रुग्ण मुखदूषिकेचा नसतो, हे आपण सर्वच जाणतो; परंतु चिकित्सालयात गर्दी असली की विसरतोही. प्रस्तुत लेखकही विसरला होता. त्या विस्मरणाची किंमत एका रुग्णेने मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

रुग्णा सोलापूरची, वय ४४ वर्षे, ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकण्याचा व्यवसाय. पहाटे चारपासून चुलीपुढे बैठक. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मध्यभाग आरक्त, त्यावर बारीक पिटिका, काहींत पूय. "डॉक्टर, चुलीपुढं बसलं की तोंडावर निखारे ठेवल्यागत होतंय," एवढे एकच वाक्य ती बोलली आणि खरे निदान त्यातच होते. मी मात्र लोध्र, धने व वेखंड यांचा प्रसिद्ध लेप दिला आणि लेपापूर्वी वाफ घेण्यास सांगितले. आठव्या दिवशी ती आली ती पदराने चेहरा झाकूनच. वेखंडासारखे उष्ण-तीक्ष्ण द्रव्य आणि त्यावर स्वेदन! पित्तप्रधान अवस्थेत स्वेद वर्ज्य, हे विद्यार्थ्यालाही विचारले तर सांगेल. असो.

दुसऱ्या वेळी नीट पाहिले. तारुण्यपिटिकांत हमखास आढळणारे काळ्या तोंडाचे कील कोठेही नव्हते. गालांवर आणि नाकाच्या कडांवर सूक्ष्म रक्तवाहिन्यांची जाळी स्पष्ट दिसत होती. डोळे लाल होते, "वाळू गेल्यासारखे" टोचत होते. मध्यम वय, उष्णतेने उसळणारी व नंतर स्थायी होणारी लाली, कील नसलेल्या पिटिका आणि नेत्रलक्षणे, असे चित्र असेल तर आधुनिक शास्त्रात ज्याला रोझेशिया म्हणतात त्याचा विचार प्रथम करावा. हा गोऱ्या लोकांचा रोग, ही समजूत अपुरी आहे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून निदान निसटते; तेथे रुग्णाने सांगितलेला दाह हाच वाटाड्या. पुरुषांत क्वचित नाकाची त्वचा जाड व ओबडधोबड होते आणि मद्याला कधी न शिवणाऱ्या माणसालाही लोक दारुड्या ठरवतात. त्या अपवादाचा त्रास रोगाहून कमी नसतो.

संहितेत या व्याधीचे नेमके नाव शोधण्याचा अट्टहास करू नये, असे माझे मत आहे. मुखदूषिका कफ-वात-रक्तज व तारुण्यातील; व्यंग हे श्याव, तनु व वेदनारहित मंडल. दोन्ही चपखल बसत नाहीत. चरकसूत्रस्थानातील विधिशोणितीय अध्याय मात्र येथे फार उपयोगी पडतो. आतप व अग्नी यांचे सेवन, क्रोध, मद्य, तीक्ष्ण-उष्ण आहार, शरद ऋतू हे रक्तदुष्टीचे हेतू आणि अक्षिरागासारखी लक्षणे वाचताना आमची भाकरीवाली रुग्णाच डोळ्यांपुढे उभी राहते.

निदान येथेच संपले असते, पण मी उशिरा का होईना, एक प्रश्न विचारला : "ताई, तोंडाला काय काय लावता?" तिने पिशवीतून एक ट्यूब काढली. दीड वर्षापूर्वी एका औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली. घटकांत मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. "लावलं की तोंड उजळ दिसतंय, सोडलं की आग होतीया. मग परत लावायचं."

हा केवळ एका दुकानाचा दोष नव्हे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांवरील अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांचे २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते आणि त्यांतील २५७ जणांना ते डॉक्टरांव्यतिरिक्त अन्य कोणी सुचविले होते. स्टिरॉइड प्रथम रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून लाली जाते. पुढे त्वचा पातळ होते, वाहिन्या विस्फारतात आणि मलम थांबताच लाली दुपटीने उसळते. मूळचा रोझेशिया नसलेल्या चेहऱ्यावरही हुबेहूब तेच चित्र उमटते. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावावयाच्या चौदा स्टिरॉइडांना परिशिष्ट ‘एच’ मध्ये आणले. औषधविक्रेते बंधूंनी "गोरेपणाचे मलम द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चिठ्ठी मागावी. आणि वैद्यांनीही, ज्याचे घटक लिहिलेले नाहीत असे ‘हर्बल’ मलम चार दिवसांत चमत्कार दाखवू लागले, तर आनंदित होण्याऐवजी साशंक व्हावे.

तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे आणि नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले. नेत्रलक्षणे असता अंजन, त्रिफळाक्वाथाचे धावन इत्यादी प्रयोग करीत बसू नये. कृष्णमंडलास इजा होऊ शकते. लालीबरोबर सांधेदुखी, मुखव्रण, ज्वर असेल आणि नाकाच्या बाजूच्या वळ्या लालीतून सुटल्या असतील, तर ल्युपससाठी रक्ततपासणी करवून घ्यावी. मलम थांबविण्याचा क्रम तज्ज्ञांनी ठरविला. ते थांबल्यावर चेहरा भडकणार, हे तिला आधीच स्पष्ट सांगितले. न सांगितल्यास रुग्ण घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. सहा आठवडे फार कठीण गेले. या काळात तज्ज्ञांचे औषध चालू ठेवून, त्यांना कळवून, सारिवा, मंजिष्ठा, गुडूची, उशीर यांचा फांट आणि अविपत्तिकर चूर्णाने मृदु अनुलोमन दिले. बाहेरून काहीही नाही. फक्त कोरड्या, जळजळणाऱ्या जागी शतधौत घृताचा पातळ थर. पूययुक्त पिटिकांवर तो टाळला. पातळ झालेल्या त्वचेवर जलौका लावण्याचा मोह झाला होता, तो आवरला.

पथ्याबाबत एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. आपण अपथ्याची लांबलचक यादी देतो आणि रुग्ण घाबरून जेवणच सोडतो. रोझेशियात प्रत्येकाचे उत्तेजक हेतू निराळे. तिला मी घरच्या कॅलेंडरवर चेहरा पेटलेल्या दिवशी खूण करण्यास सांगितले आणि त्या दिवशी काय केले, खाल्ले, हे विचारीत गेलो. दोन महिन्यांनी दिसले की खुणा चुलीच्या आणि बाजारच्या उन्हाच्या दिवशी होत्या. जिला मी पहिल्याच दिवशी बंदी घातली होती ती शेंगाचटणी निर्दोष होती! ती परत दिली तेव्हा रुग्णा प्रथमच हसली.

चूल सोडा म्हणणे सोपे, पण चूल हेच तिचे पोट. म्हणून निदानपरिवर्जन तिच्या स्वयंपाकघरात बसून ठरले : भाकरी थापणे तिच्याकडे, तव्यावर व निखाऱ्यावर शेकणे जावेकडे, मध्ये मध्ये गार पाण्याचा ओला फडका, चहा निवल्यावर, बाहेर पडताना छत्री व झिंक ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन, चेहरा घासून पुसणे, बेसन-लिंबू पूर्णतः बंद.

आज तीन वर्षे झाली. व्याधी गेलेला नाही. शरदात आणि वैशाखात लाली डोके वर काढते, ती ओळखते आणि आठ दिवसांत आटोक्यात आणते. गेल्या महिन्यात ती भाचीला घेऊन आली. मुलीला साध्या तारुण्यपिटिका होत्या. मी काही विचारण्यापूर्वीच मावशीने भाचीची पर्स माझ्या टेबलावर उपडी केली. ट्यूब निघाली नाही.