छऱ्यांची करामत



रिमोटवर चालणारी गाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी हाताळली असेल. ती बिघडली की काय होतं? दोन दिवस रुसवा, आणि मग गाडीची रवानगी माळ्यावर! पण अमेरिकेत, जपानमध्ये, युरोपात अशा गाड्यांच्या खऱ्याखुऱ्या शर्यती होतात बरं का. टीम असोसिएटेड या अमेरिकन कंपनीची 'आरसी-१०' ही शर्यतीची गाडी १९८४ मध्ये आली. आकार मोठ्या गाडीच्या साधारण एक दशांश. ती सुट्या भागांच्या रूपात मिळायची. आपणच जोडायची आणि गरज पडेल तेव्हा आपणच खोलायची! अशा गाड्यांमधला एक नाजूक भाग म्हणजे बॉल डिफरन्शियल. आज आपण त्याच्या पोटात डोकावू या.

आधी एक सोपं गणित. गाडीच्या मागच्या दोन चाकांमध्ये, मध्यापासून मध्यापर्यंत, २१ सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. गाडीने गोल फेरी मारली, तर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा किती जास्त पळेल? २ × २२/७ × २१, म्हणजे १३२ सेंटिमीटर. गंमत अशी, की फेरी लहान असो वा मोठी, हा फरक तेवढाच राहतो. पटत नसेल तर वहीवर मांडून पाहा. आता चाकाचा व्यास ८.४ सेंटिमीटर असेल, तर त्याचा परीघ २६.४ सेंटिमीटर. म्हणजे दर फेरीला बाहेरच्या चाकाने पाच गिरक्या जास्त घ्यायला हव्यात. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली, तर हे जमणार कसं? चाकं फरफटतील आणि गाडी वळायला कुरकुर करील.

हाच पेच मोठ्या वाहनांनाही पडतो. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्यावर तोड काढली. तोच हा डिफरन्शियल. आपल्या ऑटोरिक्षातही तो असतो. तो दातेरी चाकांचा. शर्यतीच्या छोट्या गाडीत मात्र छर्रे असतात. सायकलच्या चाकात असतात तसेच, पण अगदी चिमुकले, साधारण २.४ मिलिमीटरचे.

ते काम कसं करतात, हे घरीच करून पाहा. जाड पुठ्ठ्याच्या दोन वह्या घ्या. मध्ये सारख्या आकाराच्या सात-आठ गोट्या ठेवा. वरची वही पुढे आणि खालची तेवढीच मागे सरकवा. गोट्या जागच्या जागी फिरतात ना? आता दोन्ही वह्या एकाच दिशेने सरकवा. गोट्याही सोबत निघाल्या! गाडीत वह्यांच्या जागी पोलादाच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात, एकेका चाकाला जोडलेल्या. मधल्या गिअरला गोल रांगेत भोकं असतात आणि त्यांत छर्रे बसवलेले असतात. गाडी सरळ पळते तेव्हा गिअर, छर्रे आणि चकत्या सगळे मिळून फिरतात. वळणावर एक चकती पुढे जाते, दुसरी मागे राहते, आणि छर्रे जागीच गिरक्या घेऊन तो फरक सांभाळतात.

पण इथे एक गोम आहे. छर्रे आणि चकत्या यांच्यात दाते नाहीत. त्यांची पकड फक्त दाबामुळे टिकते, आणि हा दाब देतात एक लांब स्क्रू आणि एक स्प्रिंग. स्क्रू सैल राहिला, तर मोटर जोरात फिरते, पण छर्रे चकतीवर घसरतात. सगळं तापतं आणि चकतीवर चर पडतात. फार आवळला, तर गाडी वळायला तयार होत नाही. शर्यत बहुतेक वेळा पाचच मिनिटांची, मग सारी मेहनत त्या एका स्क्रूपायी वाया!

म्हणून हा भाग अधूनमधून खोलावा लागतो. एक चाक धरून दुसरं हाताने फिरवा. करकर जाणवली, की समजा, आत धूळ शिरली आहे. खोलताना कडा असलेलं ताट घ्या आणि त्यात पांढरं फडकं पसरा, म्हणजे छर्रे पळून जाणार नाहीत. सगळे भाग स्पिरिटने पुसून घ्यायचे. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि विस्तवापासून दूरच.

आता चकत्या नीट न्याहाळा. चर पडला असेल तर चकती उलटी बसवा. दुसरी बाजू कोरी असते. दोन्ही बाजू झिजल्या असतील, तर नवी चकती हवी. छर्रे बदलायचे तर सगळे एकदम बदला. एकच नवा घातला, तर तो जुन्यांपेक्षा केसभर मोठा निघतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. छऱ्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचं, तेही बेताने. शिवणयंत्राचं तेल चालत नाही, पकडच सुटते! स्क्रूपाशी आणखी बारीक छऱ्यांचं एक बेअरिंग असतं. त्याला मात्र वेगळं, काळं ग्रीस लागतं.

जोडताना घाई नको. स्क्रू थोडा आवळा, दोन्ही बाजू उलटसुलट फिरवा, पुन्हा थोडा आवळा. बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग पुरती दबली, की स्क्रू एक अष्टमांश फेरा मागे घेतात. घड्याळाचा मिनिटकाटा साडेसात मिनिटांत जेवढा सरकतो, तेवढंच! शेवटी परीक्षा. एकाने मागची दोन्ही चाकं घट्ट धरावीत, दुसऱ्याने मोटरजवळचा मोठा गिअर अंगठ्याने फिरवून पाहावा. तो सहज फिरला, तर स्क्रू अजून सैल आहे.

हल्ली अनेक गाड्यांत सिलिकॉन तेलाने भरलेले दातेरी डिफरन्शियल बसवतात. त्यांना इतकी देखभाल लागत नाही. पण एक बारांश आकाराच्या गाड्यांत छऱ्यांची ही करामत अजूनही पाहायला मिळते.

आणि आई-बाबांना एक विनंती. पुढच्या वेळी घरातली गाडी बंद पडली, तर ती माळ्यावर टाकू नका. सेल काढून ठेवा, मुलांच्या हाती स्क्रू ड्रायव्हर द्या आणि शेजारी बसा. गाडी चालू होईलच असं नाही, पण ती कशाच्या जोरावर पळत होती, ते मुलांना नक्की कळेल. मात्र ते ताट आणि पांढरं फडकं विसरू नका हं!