हिंजवडीचे टीम लीड आणि कळंबचे मुकादम

महाराष्ट्रातील संगणक उद्योगाची कथा सांगताना टाटा कन्सल्टन्सीची मुंबईतील 1968ची सुरुवात, 1981मध्ये पुण्यात स्थापन होऊन दोनच वर्षांत बंगळूरला गेलेली इन्फोसिस, 1990मध्ये पुण्यातच उभ्या राहिलेल्या पर्सिस्टंट व केपीआयटी आणि पुढे एमआयडीसीने वसवलेले हिंजवडी हे टप्पे इतक्या वेळा उगाळले गेले आहेत की त्यांची उजळणी येथे अनावश्यक ठरेल. करार आणि डॉलर यांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या या उद्योगाने माणसे सांभाळण्याची रीत कोठून आणली आणि घरात होती ती का टाकून दिली, हा प्रश्न मात्र त्या कथेत सहसा येत नाही.

परदेशी ग्रंथांचा परामर्श थोडक्यात घेता येतो. रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर ऐनवेळी माणसे वाढवली तर तो आणखी रखडतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी 1975मध्ये दाखवून दिले. या धंद्यातील अडचणी यंत्रांपेक्षा माणसांच्या असतात, हे डीमार्को व लिस्टर यांनी 1987मध्ये मांडले. हे ग्रंथ आपल्याकडील कंपन्यांच्या कपाटांत आले, पण कारभारात उतरली ती घंटाकृती वक्राची पद्धत. प्रत्येक गटात काही जण उत्तम, बहुतेक मध्यम आणि काही निकृष्ट असलेच पाहिजेत असे आधीच ठरवून वार्षिक मूल्यमापन करायचे, अशी ही अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्या काळात गाजलेली रीत. मायक्रोसॉफ्टने 2013मध्ये ती सोडली, इन्फोसिसनेही पुढच्या दोन-तीन वर्षांत तिला रजा दिली. तरीही पाच जणांच्या गटातून एकाला ‘खाली टाकण्याचा’ प्रसंग अप्रेझलच्या हंगामात अनेक टीम लीडांवर अजून येतो, आणि खाली कोणाला टाकायचे हे पुष्कळदा कामापेक्षा कोण निमूटपणे ऐकून घेईल यावरून ठरते.

या सर्वांहून जुनी आणि आपल्या मातीत वाढलेली परंपरा कामगार कल्याण अधिकाऱ्याची आहे. मुंबईत 1936मध्ये नागपाड्याच्या वस्तीकार्यातून जी समाजकार्याची शाळा निघाली आणि जिचे पुढे टाटा समाजविज्ञान संस्था असे नामांतर झाले, तिने गिरण्या-कारखान्यांसाठी असे अधिकारी घडवण्यास सुरुवात केली. 1948च्या कारखाने अधिनियमाच्या 49व्या कलमाने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात हा अधिकारी नेमणे बंधनकारक केले. त्याने उपाहारगृह, पाळणाघर, घरची कर्जे, आजारपण, मुकादमाशी झालेले भांडण हे सगळे पाहायचे. मात्र कामगाराविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे त्याने हाताळू नयेत आणि मालकाच्या बाजूने कामगाराविरुद्ध न्यायाधिकरणापुढे उभे राहू नये, अशी तरतूद त्याच्यासंबंधीच्या नियमांत करण्यात आली. या एका तरतुदीत जे शहाणपण आहे ते व्यवस्थापनशास्त्राच्या चकचकीत पुस्तकांत शोधूनही सापडत नाही, कारण ज्याच्यापाशी मन मोकळे करायचे त्याच्याच हातून राजीनाम्याचा कागद पुढे येणार असेल तर कोणीही मन मोकळे करत नाही. आजच्या एचआर विभागात सहल, वाढदिवसाचा केक, तक्रारपेटी आणि कपातीची यादी एकाच टेबलावर असते. संगणक कंपन्या कारखान्याच्या व्याख्येत बसत नाहीत म्हणून ही परंपरा त्यांना लागू पडत नाही, असे म्हणणारे विद्वान आहेत. कायद्याच्या अक्षरापुरते त्यांचे खरे असले तरी ती आपण होऊन स्वीकारण्यास कोणत्याही कलमाने मनाई केलेली नाही.

याच टाटा समाजविज्ञान संस्थेची ग्रामीण शाखा 1986पासून तुळजापूरला आहे, आणि तुळजापूर ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे तो जिल्हा या विषयाकडे पाहण्यास फार सोयीचा आहे. कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांच्या भागात जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम त्या कोयत्याला आगाऊ रक्कम म्हणजे ‘उचल’ देतो आणि ती हंगामभर तोडीतून फेडून घेतो. त्याच जिल्ह्यातील अभियंते रविवारी रात्री ट्रॅव्हल्सने पुण्याला जातात. ज्या हिंजवडीत ते उतरतात तेथील जागा मुळात साखर कारखान्यासाठी योजली होती, असे शरद पवार यांनी जाहीरपणे सांगितले आहे, हा योगायोग येथे नोंदवून ठेवावासा वाटतो. अभियंत्याला उचल मिळत नाही, पण बाँड असतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च भरण्याचा करार. 90 दिवसांचा नोटिस पीरियड असतो. पुष्कळांचा पगार काम घेणाऱ्या कंपनीकडून न येता मधल्या ठेकेदाराच्या खात्यातून येतो. आणि प्रकल्प नसताना ‘बेंच’वर बसण्याचा, म्हणजे बिनकामाने वाट पाहण्याचा, काळ असतो. मुकादमी ही पिळवणुकीची व्यवस्था आहे आणि तिचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. तथापि कोणत्या कोयत्याचे मूल आजारी आहे आणि कोणाच्या बहिणीचे लग्न ठरले आहे हे मुकादमाला ठाऊक असते, तर ठेकेदार कंपनीला आपला अभियंता कोणत्या इमारतीत बसतो हेही कित्येकदा सांगता येत नाही.

मुकादमाची जागा संगणक कंपनीत टीम लीडकडे आली आहे, आणि खरी दुखरी नस तीच आहे. जो उत्तम कोड लिहितो त्याला पाच-सात वर्षांनी बढती म्हणून दहा माणसे दिली जातात, त्याचे स्वतःचे काम कमी केले जात नाही, आणि माणसे कशी हाताळावीत याचे शिक्षण म्हणजे दोन दिवसांची कार्यशाळा. त्याच जिल्ह्यातील उमरग्याचा, मराठी माध्यमातून आलेला मुलगा सकाळच्या कॉलवर काम अडलेले असतानाही ‘येस, डन’ म्हणून मोकळा होतो, कारण काय अडले हे परदेशी ग्राहकासमोर इंग्रजीत सांगायला चार वाक्ये लागतात आणि दुसऱ्या वाक्यातच कोणीतरी त्याला तोडतो. कॉल संपल्यावर चहाच्या टपरीवर त्याला मराठीत विचारले तर तो कोणती फाइल, कोणती ओळ आणि कोणाच्या चुकीमुळे हे घडाघडा सांगतो. मराठवाड्याच्या मुलांत ‘कम्युनिकेशन’ नाही असा शेरा मारणारे तज्ज्ञ हे पाच मिनिटांचे विचारणे कोणाचे काम आहे याविषयी मौन बाळगतात. 2020च्या टाळेबंदीत ही मुले गावी परतली, टॉवरच्या रेंजसाठी माडीवर आणि लोडशेडिंग चुकवत शेतातल्या शेडमध्ये बसून त्यांनी कामे पार पाडली. त्या काळात गावातल्या अडचणी समजून ज्या टीम लीडांनी कामाच्या वेळा वाकवल्या, त्यांनी कल्याण अधिकाऱ्याचेच काम केले, जरी ते कोणाच्याही अप्रेझलमध्ये मोजले गेले नाही.

पुढचा काळ मात्र उतरणीचा आहे. 2022मध्ये विप्रोने एकाच वेळी दुसरीकडे काम करणाऱ्या 300 जणांना काढले. 2023मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास कामाचा सल्ला दिला. 2025मध्ये टीसीएसने सुमारे 12,000 जणांच्या कपातीची घोषणा केली. राज्याच्या 2017च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती. त्यांपैकी दिवसाची मर्यादा 10 तासांवर नेण्यास मंत्रिमंडळाने 2025मध्ये मंजुरी दिली. 2025पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 याच्या ‘कामगार’ या व्याख्येत तांत्रिक काम करणारा येत असे, तरीही नव्या अभियंत्याला कामगार म्हणवून घेणे कमीपणाचे वाटते, आणि ज्याचा सुरुवातीचा वार्षिक पगार गेल्या दशकभर साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिला त्याने हा कमीपणा कोणत्या आधारावर मानावा, हे कोडेच आहे.

टाटा संस्थेच्या तुळजापूरच्या आवारापासून ऊसतोडीच्या टोळ्या जितक्या जवळ आहेत तितक्याच रविवार रात्रीच्या ट्रॅव्हल्सही आहेत. दोन्ही स्थलांतरांची एकत्र पाहणी कोणी हाती घेतली, तर बाँड कोणी भरला, शेवटची सुट्टी नाकारणारा कोण होता, आजारपणात पहिला फोन कोणाला गेला आणि काम सोडताना रिलीव्हिंग लेटर मिळायला किती दिवस लागले, एवढे चार प्रश्न कळंब आणि उमरग्याच्या अभियंत्यांना मराठीत विचारूनही तिची सुरुवात करता येईल.