अविश्वासावर उभारलेली गाडी

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूकडे येत असता वाटेत अहमदाबादेस उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानासाठी बर्मा-शेल कंपनीने पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणविले होते. आणि त्या व्यवहारातील सुरक्षिततेचा भार मुख्यतः ओतणाऱ्याच्या सावधगिरीवर होता. आज हे काम ज्या गाडीकडे आहे तिची घडण न्याहाळली म्हणजे वाटू लागते, की तिच्या रचनाकारांनी इंधन पुरविण्याहून ते तत्क्षणी थांबविण्याचाच विचार अधिक केला असावा.

या गाडीचे दोन प्रकार आहेत. रिफ्युएलर पाठीवर टाकी वाहतो; डिस्पेन्सरपाशी स्वतःचा साठा नसतो, तर विमानतळाच्या फरसबंदीखालील हायड्रंट-नळांतून येणारे इंधन गाळून, मोजून आणि त्याचा दाब आवरून विमानास देणे एवढेच त्याचे काम. बोइंग ७७७-३००ईआर विमानात सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. तेवढे टाक्यांनी न्यावयाचे तर गाड्यांची रीघ लागेल.

जेट ए-१ हे रॉकेलाच्या कुळातले, म्हणून पेट्रोलाच्या मानाने सौम्य. परंतु हेच सौम्य द्रव्य गाळणीच्या सूक्ष्म तंतूंमधून वेगाने लोटले जात असता स्थिर विद्युत् निर्माण करते. म्हणजे ज्या साधनाने इंधन शुद्ध करावयाचे, तेच त्यात ठिणगीचे बीज पेरते. यास्तव नळी जोडण्यापूर्वी गाडी व विमान यांना एका तारेने सांधून दोहोंचे विद्युत्-विभव समान करतात, आणि ती तार सर्वांत शेवटी काढतात.

या सरंजामात मला सर्वाधिक मार्मिक वाटते ती कर्मचाऱ्याच्या हातातील ‘डेडमॅन’ नावाची मूठ. ती दाबून धरलेली असेतोवरच इंधन वाहते. माणूस कोसळला, पळाला वा नुसता अन्यमनस्क होऊन त्याचा हात सैल पडला, तरी झडप मिटते. दमलेल्या माणसास ती चिंधीने बांधून ठेवण्याचा मोह होणारच, म्हणून तशी सक्त मनाई तर आहेच; शिवाय पुष्कळ गाड्यांत ठराविक मुदतीने मूठ सोडून पुन्हा दाबली नाही, तर प्रवाह आपोआप खंडित होतो. नळीचे तोंड जागेवर परत गेल्याविना गाडीचे ब्रेकही सुटत नाहीत.

पाण्याचे प्रकरण याहून नाजूक. जेट ए-१ उणे ४७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण त्यात दडलेले पाणी कितीतरी आधी बर्फ होऊन वाट अडविते. म्हणून काचेच्या बरणीत नमुना घेऊन तो नितळ आहे की नाही हे पाहतात, आणि पिचकारीस लावलेल्या पिवळ्या कॅप्सूलमधून थोडे इंधन ओढतात. पाणी असल्यास तो पिवळा रंग हिरव्याकडे झुकतो. गाळणीच्या एका जातीत तर बाळांच्या डायपरमध्ये असते तसली शोषक भुकटी भरलेली असे. पाणी येताच ती फुगून प्रवाहच कोंडी. युक्ती नामी खरी, पण १३ एप्रिल २०१० रोजी तिचे दुसरे अंग दिसले. इंडोनेशियातील सुराबाया येथे हायड्रंट-नळांच्या विस्ताराच्या कामात खारे पाणी इंधनात शिरले. त्याने भुकटीची शक्ती मारली आणि तिचे सूक्ष्म गोलक हाँगकाँगला निघालेल्या कॅथे पॅसिफिकच्या ए-३३० विमानात जाऊन इंजिनांच्या इंधन-नियंत्रक झडपांत अडकले. इंजिनांची शक्ती वैमानिकांच्या आज्ञेत राहिली नाही, आणि विमान ताशी ४०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर टेकले. उतरण्याच्या धांदलीत काही जण जखमी झाले, पण ३२२ जणांपैकी कोणीही दगावले नाही, याचे श्रेय निःसंशय वैमानिकांचे.

एवढ्या अविश्वासाने रचलेल्या गाडीत अविश्वासातून सुटली होती ती गाळणीच. पुढे त्या भुकटीच्या गाळण्यांचे मानक रद्द झाले, आणि त्यांच्या जागी भुकटीविरहित गाळण्या व पाण्याची मात्रा सतत मोजणारे विद्युत्-संवेदक बसविण्यात येऊ लागले.