दहा बाय बाराच्या खोलीत झाड ठेवताना

आपल्या वस्त्यांमध्ये हल्ली घरोघरी एखादे तरी झाड दिसते. टीव्हीशेजारी बाटलीत मनी प्लांट, खिडकीच्या जाळीत तेलाच्या डब्यातली कोरफड, माळ्याच्या शिडीला टांगलेली कुंडी, मुलीने वाढदिवसाला आणलेला लकी बांबू. हे पाहून आम्हाला बरे वाटते. एका खोलीत पाच-सहा माणसे राहत असली तरी एक कोपरा हिरवा असावा असे वाटणे ही काही चैन नव्हे.

मात्र आरोग्याच्या कामासाठी घरोघर फिरताना याच झाडांजवळ आम्हाला दोन गोष्टी वारंवार दिसतात. एक म्हणजे कुंड्यांनी अडलेली घरातली एकुलती एक खिडकी. दुसरी म्हणजे पंधरा-पंधरा दिवस न बदललेले पाणी. पहिलीचा संबंध क्षयरोगाशी आहे, दुसरीचा डेंगूशी. म्हणून झाड कोणते घ्यावे, कुठे ठेवावे आणि कसे जगवावे हे या वेळी नीट समजून घेऊ.

झाड हवा साफ करते का?

"हे ऑक्सिजनचे झाड आहे, घरातली हवा शुद्ध करते," असे सांगून नर्सरीत काही झाडे चढ्या भावाने विकली जातात. या दाव्याचे मूळ 1989 सालच्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात आहे. नासा या अंतराळ संस्थेसाठी वोल्वर्टन या शास्त्रज्ञाने छोट्या, हवाबंद पेटीत झाडे ठेवली. पेटीतल्या हवेतली बेंझीनसारखी काही रसायने कमी झाली. प्रयोग खरा होता, पण आपले घर म्हणजे हवाबंद पेटी नाही. दारातून, खिडकीतून, पत्र्याच्या फटीतून हवा सतत आत-बाहेर होत असते.

2019 मध्ये अमेरिकेतल्याच ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी असे अनेक जुने प्रयोग एकत्र तपासले. इमारतीत हवा नेहमी जेवढी खेळते, तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर एका चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. दहा बाय बाराची खोली साधारण 11 चौरस मीटरची. म्हणजे कमीत कमी 110 कुंड्या. मग माणसांनी झोपायचे कुठे?

उलटी भीतीही लोकांच्या मनात असते. रात्री झाड खोलीत ठेवले तर ते ऑक्सिजन ओढून घेते आणि माणूस गुदमरतो, असे म्हातारी माणसे सांगतात. तेही खरे नाही. रात्री झाड श्वास घेते, पण झोपलेल्या एका माणसाच्या तुलनेत ते अगदीच किरकोळ असते. दोन-चार कुंड्यांनी कुणी गुदमरत नाही.

थोडक्यात, झाड औषध नाही आणि विषारी वायूही सोडत नाही. डोळ्याला गारवा देते, मुलांना काहीतरी जपायची सवय लावते. त्यासाठीच ते ठेवावे.

खिडकीची जागा खिडकीलाच

हवा साफ ठेवते ती उघडी खिडकी. क्षयरोगाचे जंतू खोकण्या-बोलण्यातून हवेत जातात आणि कोंदट, अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केला. तो 2018 मध्ये पुढे आला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, आणि याचा तिथल्या क्षयरोगाशी संबंध आहे, असे त्यात दिसून आले. झोपडीतून इमारतीत गेलो तरी हवेचा प्रश्न सुटतोच असे नाही.

अशा घरात खिडकीच्या जाळीत कुंड्यांची रांग लावली की उरलेसुरले ऊन आणि वाराही अडतो. आम्ही साधी परीक्षा सांगतो. खोलीच्या मध्यभागी उदबत्ती धरा. धूर दाराकडे किंवा खिडकीकडे ओढला जात असेल तर हवा खेळते आहे. तो तिथेच घुटमळत असेल तर आधी खिडकीतल्या कुंड्या हलवा. कुंडी खिडकीच्या बाजूच्या भिंतीला टांगावी किंवा खिडकीखाली स्टुलावर ठेवावी. खिडकीची दोन्ही दारे पूर्ण उघडली पाहिजेत.

घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर झाडाचा काढा करत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि क्षयरोगाची औषधे मोफत मिळतात.

बाटलीतले पाणी

डेंगू पसरवणारा एडिस डास घाण गटारात नव्हे, तर स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. मनी प्लांटची बाटली, लकी बांबूचा काचेचा पेला, कुंडीखालची ताटली या त्याच्या आवडीच्या जागा. मुंबई महापालिकेचा कीटकनाशक विभाग दर पावसाळ्यात याच जागा तपासायला सांगतो.

अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून सगळे पाणी ओतायचे. मात्र नुसते ओतून भागत नाही. डास पाण्याच्या कडेने भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. भांडे कोरडे पडले तरी ती अंडी कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळताच फुटतात. बाटली आतून घासायला हवी. ब्रश जात नसेल तर मूठभर वाळू आणि थोडे पाणी घालून जोरात हलवा. झाडाची मुळेही वाहत्या पाण्यात चोळून धुवा. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर ते पाणी मोरीत न ओतता कोरड्या जमिनीवर, उन्हात ओता.

याहून सोपा उपाय म्हणजे मनी प्लांट पाण्यातून काढून मातीत लावणे. मातीत तो अधिक जोमाने वाढतो आणि डासाला जागाही मिळत नाही. ताटलीत पाण्याऐवजी वाळू भरा. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे फुलदाणी ठेवत असाल तर तिचे पाणी रोज बदला.

आणि ताप आलाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. डेंगूचा संशय असताना अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल चालते. ताप उतरताना पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, सुस्ती यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठा. ताप उतरला म्हणजे धोका टळला असे डेंगूत नसते.

कोणते झाड घ्यावे?

आधी घरातला उजेड बघा. दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट बंद करून या मासिकाचे हे पान वाचून पाहा. अक्षरे सहज दिसली तर कमी उजेडातले झाड तिथे जगेल. दिसली नाहीत तर एकाच रोपाच्या दोन कुंड्या करा. एक आठवडा एक आत, दुसरी ओट्यावर, पुढच्या आठवड्यात अदलाबदल.

मनी प्लांट कमी उजेडातही तग धरतो. पेरावरून कापलेली कांडी मातीत खोचली की झाले. त्याने पैसा येत नाही, आणि चोरून आणला तरच लागतो हेही खरे नाही. शेजारणीकडून मागून आणलेली कांडी तेवढीच जोमाने वाढते.

उभ्या, तलवारीसारख्या पानांचा स्नेक प्लांट हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. पाणी विसरणाऱ्या घरासाठी याच्यासारखे झाड नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी पुरते, पावसाळ्यात त्याहूनही कमी.

स्पायडर प्लांट आपल्या सफेद मुसळीच्या जवळच्या नात्यातला. लांब देठांना लागलेली पिल्ले तोडून नवी कुंडी करता येते. लहान मुले आणि मांजर असलेल्या घरात हे बिनधोक झाड. त्याला उजेड थोडा जास्त लागतो.

कोरफड आणि पानओवा यांना खिडकीजवळचे ऊन हवे. पानओव्याची फांदी सहज लागते, पानांची भजीही होते. कोरफडीचा गर किरकोळ चटक्यावर लावता येतो, पण भाजल्यावर पहिला उपाय म्हणजे वीस मिनिटे वाहते थंड पाणी. भाजणे खोल किंवा मोठे असेल तर काहीही न लावता दवाखान्यात न्या. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक पोटात जाऊ देऊ नका, त्याने जुलाब होतात. गरोदर बाईने तर कोरफड खाऊच नये.

बोधिवृक्ष म्हणून पिंपळाचे रोप काही जण घरात कुंडीत ठेवतात. भावना समजते, पण पिंपळ हा अंगणाचा वृक्ष आहे. त्याला ऊन लागते आणि मुळे भिंतीत शिरतात. विहाराच्या आवारात मोकळ्या जागी लावा. तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या सावली देईल.

मुले असलेल्या घरात

पांढऱ्या-हिरव्या मोठ्या पानांचा डिफेनबॅकिया दिसायला देखणा, पण रांगत्या मुलाच्या घरात नको. त्याच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावले की तोंडाची आग होते, ओठ-जीभ सुजतात, लाळ गळते. मनी प्लांट आणि सिंगोनियममध्येही असेच स्फटिक असतात, म्हणून ती झाडे मुलांचा हात पोचणार नाही अशी टांगा.

मुलाने पान चावले तर तोंडातले तुकडे काढा, ओल्या कापडाने तोंड पुसा, थंड पाण्याचे किंवा दुधाचे घोट द्या. उलटी करायला लावू नका. सूज वाढली किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच रुग्णालयात न्या आणि ते पान सोबत न्या. डॉक्टरांना झाड ओळखता आले की वेळ वाचतो. कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी ही झाडे ओट्यावरही नकोत. त्यांचे विष थेट हृदयावर परिणाम करते. तिथे घरगुती उपाय करत न थांबता रुग्णालयात धाव घ्या.

झाड जगवायचे कसे?

घरातली झाडे तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात. मातीत बोट दोन पेरे घाला. ओल लागली तर पाणी नको. पाने पिवळी आणि माती चिकट असेल तर मुळे कुजू लागली आहेत असे समजा.

कुंडी विकत घ्यायची गरज नाही. तेलाचा डबा, फुटकी बादली चालते. तळाला तापवलेल्या खिळ्याने चार-पाच भोके पाडा. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा डबा मात्र वापरू नका. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत सारख्या भागांत मिसळा. नळाला तासभरच पाणी येते तिथे तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडाला घाला, साबणाचे नको.

पानांवर धूळ बसते, आठवड्याने ओल्या फडक्याने पुसा. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसून काढा. बंद खोलीत झाडांवर डास-झुरळांचा फवारा मारू नका. तो झाडापेक्षा मुलांच्या छातीत जास्त जातो.

कुंडीमागची भिंत ओली राहत असेल तर कुंडी वीतभर पुढे घ्या. ओलीवर बुरशी धरते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो.

आठवड्याचे काम

रविवारी सकाळी दहा मिनिटे पुरतात. बाटल्या आणि ताटल्या घासायच्या, पाने पुसायची, मातीत बोट घालून बघायचे, खिडकी पूर्ण उघडते का ते पाहायचे. हे काम घरातल्या शाळकरी मुला-मुलींना द्या. मग चार मुले मिळून गल्लीतल्या सगळ्या बाटल्या तपासू द्या. एका घराने पाणी ओतून भागत नाही, कारण एडिस शेजारच्या घरातून आपल्या घरात येतो. गल्ली मिळून आठवड्याचा एक वार पाळते, तिथे झाडेही राहतात आणि तापही दूर राहतो.