हदगावला जेवायला जाताना

नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडतात आणि वारंगा फाटा येतो. फाटा हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात. इथून एक रस्ता हिंगोली, वाशीम करत अकोल्याकडे जातो आणि दुसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळ करत नागपूरकडे. राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि ३६१ इथे वेगळे होतात. एसटी, ट्रक, लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्यासाठी नांदेडला निघालेली माणसं, सगळ्यांचाच पाय इथे थोडा अडखळतो. अशा जागेला स्वतःचा असा एक पदार्थ लाभला नसता तरच नवल. वारंग्याला लाभली खिचडी.

हदगावच्या खाण्याची गोष्ट हदगावच्या अलीकडे सुरू होते ती अशी. वारंग्याच्या खिचडीचं नाव आता फाट्यापुरतं राहिलेलं नाही. हे नाव घेऊन ती शहरांतही विकली जाते. तिच्यात अद्भुत असं काही नाही. तांदूळ, डाळ, हळद, तिखट आणि तेलाच्या बाबतीत सैल सोडलेला हात. पण पातेलं मोठं असतं, गिऱ्हाईक थांबत नाही, त्यामुळे खिचडीला शिळं व्हायला सवडच मिळत नाही. हळदही याच पट्ट्यातली. शेजारच्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. लातूर जिल्ह्यात निलंग्याच्या ‘राईस’चंही असंच झालं. सकाळी पोट भरेल, उभ्याने खाता येईल आणि खिशाला झेपेल असं काहीतरी लागत होतं, ते भाताच्या पातेल्यातून मिळालं आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. मराठवाड्याच्या शहरांतली सकाळची तहारीही याच घराण्यातली. पोह्यांनी अकरा वाजेपर्यंत जेमतेम तग धरता येतो. खिचडी खाऊन निघालेला माणूस तहसीलमधलं काम होईपर्यंत, म्हणजे बऱ्याचदा दुपार कलेपर्यंत, टिकतो.

तिथून हदगाव. जिल्हा नांदेड, लोकसभा मतदारसंघ हिंगोली आणि पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. तीन बाजूंनी ओढ असलेलं हे तालुक्याचं गाव. तहसील, कोर्ट, एसटीचं आगार, टेकडीवरची दत्तबर्डी. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर ‘हदगाव रोड’ नावाचं रेल्वे स्टेशन आहे, पण ते गावात नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या लोहमार्गाची वाट या भागातली माणसं बरीच वर्षं पाहत आहेत. तोवर हदगाव एसटीच्या वेळापत्रकावर जगतं आणि इथली हॉटेलंही त्याच घड्याळावर चालतात.

या गावात खाण्यासाठी येणाऱ्याला एक गोष्ट आधी सांगायला हवी. पत्ता विचारत, पाटी शोधत फिरू नका. पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांतून ‘अमुक ठिकाणी गेलात तर तमुक खायलाच हवं’ अशा याद्या येतात. तालुक्याच्या गावाला तो हिशेब लागू पडत नाही. इथे दुकानापेक्षा वेळ मोठी. तीच कढई, तोच माणूस, तेच बेसन; पण सकाळी साडेसातला काढलेला भज्यांचा घाणा आणि दुपारी तीनला परातीत पडून राहिलेले भजे यांची जात वेगळी.

सकाळ सुशीलाची. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना हे बाईचं नाव वाटेल, पण लातूर-नांदेडकडे तो न्याहारीचा पदार्थ आहे. मुरमुरे पाण्यातून काढून पिळून घ्यायचे, फोडणीत कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, हळद आणि वरून डाळव्याचं पीठ. सगळं कसब पिळण्यात आहे. मुरमुरा जास्त भिजला की लगदा, कमी भिजला की घशात टोचतो. कांदेपोह्यांना चुकीची थोडी माफी असते, सुशीलाला ती नाही, आणि म्हणून हॉटेलवाल्याची परीक्षा घ्यायची तर मी सुशीलावर घेतो. सोबत तळलेली मिरची, मग हाफ चहा. चहाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तो गोड असतो, फार गोड असतो.

नदीपलीकडचा विदर्भ सगळ्यात आधी रश्श्यात दिसतो. मराठवाड्याच्या घरात काळा मसाला आणि येसर. येसर म्हणजे धान्यं-डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, ज्याची आमटी लग्नाच्या पंगतीत ओळखीच्या वासाने आधी पोचते. पैनगंगेपलीकडे तर्री. हदगावच्या आसपासच्या हॉटेलांत या दोन्ही सवयी एका ताटात येतात: आलुबोंडा तिकडच्या पद्धतीने फोडून त्यावर लाल रस्सा ओततात आणि दुपारच्या जेवणात मात्र काळ्या मसाल्याचं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. भाकरी ज्वारीची. चौपदरी झालेल्या महामार्गावरच्या ढाब्यांमध्ये तंदुरी रोटी आणि पनीरचे पाच प्रकार मिळतात, ते कुठल्याही महामार्गावर मिळतात. भाकरी मिळते का ते विचारा. ‘करून देतो, थांबावं लागंल’ असं उत्तर आलं तर थांबा. तयार भाकऱ्यांची चवड दाखवली तर पुढे चला.

या हॉटेलांचं कौतुक करताना जुनी एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नव्हे. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या चहाच्या हॉटेलांत दलितांसाठी कपबशी वेगळी ठेवलेली असे. पिऊन झाली की ज्याची त्याने विसळून ठेवायची. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं हे चाललं. तालुक्याच्या गावात, एसटीस्टँडच्या गर्दीत, कोण कुठला हे विचारायला सवड नसलेल्या ठिकाणी ही कपबशी आधी निरुपयोगी झाली. काचेचा ग्लास आला, मग कागदी कप. स्टँडवरच्या कळकट बाकड्याने जे केलं ते कित्येक भाषणांना जमलं नव्हतं, असं माझं मत आहे. कळकटपणाला एवढ्यापुरती माझी सूट.

बाजाराच्या दिवशी खाण्याची तऱ्हाच बदलते. तालुक्यात तामसा, निवघा ही बाजाराची मोठी गावं. निवघ्याने तर ‘बाजार’ नावातच घेतला आहे. सोयाबीन, कापूस, हळद विकून हातात पैसे आलेला माणूस घरी रिकाम्या हाताने जात नाही. जिलेबी, गोडीशेव, फुटाणे, भजे हे बाजारातून घरी न्यायचे पदार्थ. गोडीशेव म्हणजे बेसनाची जाड शेव गुळाच्या पाकात घोळलेली. दुसऱ्या दिवशीही ती कडक राहिली तर पाक नीट झाला होता असं समजायचं. जिलेबी मात्र तिथेच, पाकातून काढल्या काढल्या. भजे अजूनही बऱ्याच ठिकाणी वर्तमानपत्रात बांधून मिळतात. छपाईच्या शाईमुळे खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मनाई आहे. वर्तमानपत्रातच हे छापून उपयोग किती होईल कोण जाणे, पण घरून डबा नेलात तर उत्तम.

आता बेकरी. इथे जरा रेंगाळायला हवं, कारण हे प्रकरण संपत आलेलं आहे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबादच्या बेकऱ्यांची ख्याती तेव्हाही होती. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाचं उस्मानिया बिस्किट आजही चहाबरोबर खाल्लं जातं. मराठवाड्याच्या गावांत भट्टीची बेकरी चालवणारी घरं बहुतेक मुस्लिम. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई आणि ‘बटर’. हे बटर लोण्याचं नव्हे. जिरं घातलेला, हाताच्या मुठीत मावणारा, दगडासारखा कोरडा गोळा, जो चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद देत नाही.

जुन्या पद्धतीची भट्टी म्हणजे विटांची बुटकी घुमटी. आत लाकूड पेटवायचं, बहुधा बाभळीचं. विटा तापल्या की निखारे ओढून बाजूला करायचे, ओल्या फडक्याने तळ पुसून घ्यायचा आणि लांब दांड्याच्या फळीवरून माल आत सरकवायचा. तापमान मोजायला यंत्र नसतं. पिठाची चिमूट टाकून ती किती वेळात करपते त्यावरून अंदाज. सगळ्यात कडक आच पावाला. ती थोडी उतरली की खारी. आणखी उतरली की नानकटाई, कारण मैदा, तूप, साखर यांचं ते नाजूक मिश्रण जास्त आचेत बाहेरून लाल होतं आणि आतून कच्चं राहतं. शेवटी, निखारे विझत आले की कापलेल्या पावाचे तुकडे रात्रभर आत ठेवायचे. सकाळी ते टोस्ट होऊन बाहेर येतात. एकदा तापवलेली भट्टी अशी शेवटच्या धगीपर्यंत वापरायची, हा या धंद्याचा सगळा हिशेब आहे. विजेच्या ओव्हनमधून निघालेला टोस्ट दिसायला सरस असतो, पण रात्रभर वाळलेल्या टोस्टचा कुरकुरीतपणा त्याला येत नाही. तो चहात पडल्या पडल्या मान टाकतो.

गावाकडे बेकरीचा माल पूर्वी आजाऱ्याचं खाणं समजलं जाई. दवाखान्यात कुणाला भेटायला जायचं तर ब्रेडचा पुडा किंवा टोस्ट घ्यायचा. धडधाकट माणसाने भाकरी सोडून पाव खाणं हे जरा आळशीपणाचं लक्षण. ही समजूत मुलांच्या शाळेच्या डब्याने मोडली. आणि दिवाळी, रमजानच्या आधी बेकरीशी वेगळाच व्यवहार असे, काही ठिकाणी अजून आहे: घरून मैदा, रवा, पिठीसाखर, तूप डब्यात घालून न्यायचं, बेकरीवाल्याला मजुरी द्यायची आणि पत्र्यावर मांडलेली बिस्किटं भाजून आणायची. बायका समोर बसून तूप आपलंच पडतंय ना, यावर नजर ठेवत. बेकरीवाला ते मनावर घेत नसे. आपल्या तुपाची, डोळ्यांदेखत भाजलेली नानकटाई, आणि वर डबा भरून उरलेली. कारखान्याच्या रंगीत पुड्याला ही गोष्ट कधी जमणार नाही.

पण कारखान्याच्या पुड्यानेच या भट्ट्यांना मारलं. पाच-दहा रुपयांचा पुडा खेड्यातल्या शेवटच्या टपरीपर्यंत पोचतो; लाकूड महाग, पहाटे तीनला उठून कणीक मळायला पोरं तयार नाहीत. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तिथे हवेचा प्रश्न गंभीर आहे आणि निर्णयाला कारण आहे. तालुक्याच्या गावात कुठला आदेश येण्याआधी गिऱ्हाईकच भट्टी विझवील असं दिसतं.

एवढं सगळं विकतचं. हदगाव तालुक्यातलं सगळ्यात मोठं जेवण मात्र विकत मिळत नाही. तामशाजवळच्या बारालिंग महादेवाच्या देवळात संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भाजी-भाकरीची पंगत होते. आसपासच्या गावांतून भाकऱ्या येतात, ज्याच्या घरी जी भाजी असेल ती येते, आणि तिथे मोठमोठ्या कढयांत सगळ्या भाज्या एकत्र शिजतात. वांगी, मेथी, पालक, वाल, गाजर, हरभऱ्याचे घाटे. पौषात शेत-मळ्यात जे निघतं ते. शिजवणारे गावकरी, वाढणारे गावकरी. नांदेड, हिंगोली, यवतमाळ अशा तिन्ही बाजूंची माणसं जमिनीवर बसून जेवतात. याच जिल्ह्यात नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रोजचा लंगर चालतो. गुरू गोविंदसिंगजींचं निधन १७०८ मध्ये इथेच झालं. लंगराचं नाव देशभर आहे, तामशाच्या भाजी-भाकरीचं या पट्ट्याबाहेर फारसं नाही. मिश्र भाजीला चव कशी येते, तर इतक्या भाज्या एकाच कढईत असल्यावर तिखटमीठ नावापुरतंच लागतं. माझ्या मते या तालुक्यात खाण्यासाठी एकच दिवस काढायचा असेल तर तो हा.

करीचा मुहूर्त चुकला तर थंडीचे दिवस निवडा. वांगं, मेथी, हिरवी मिरची सगळं तेव्हा चांगलं असतं आणि रस्त्यावर धूळ असली तरी चिखल नसतो. पाहुणा म्हणून जाणार असाल तर बाजाराचा वार आधी विचारून घ्या. बेकरीत गेलात तर पुड्यातलं बिस्किट न मागता ‘आजचं काय आहे’ असं विचारा, आणि असेल तर किलोभर टोस्ट घ्या. सकाळी नऊच्या आत पोचा किंवा दुपारी चारनंतर. मधल्या वेळात गेलात तर जे मिळेल ते गार असेल; त्याचा दोष हदगावला देऊ नका.