तरुण हातांची मंडळी

दिवाळीची सुटी लागली की महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये युवा शिबिरांचा हंगाम सुरू होतो. वसतिगृहातली मुलं घरी आलेली असतात, मिशन शाळांचे वर्ग रिकामे असतात, बाकं भिंतीला लावून सतरंज्या अंथरता येतात. सकाळी प्रार्थना, दुपारी गटचर्चा, रात्री गाणी. दोन-तीन दिवसांनी मुलं भारावून घरी जातात. पुढे नाताळ येतो. गीतांच्या फेऱ्या, गोठ्याची सजावट, नाटुकली यांत सगळा डिसेंबर गजबजलेला असतो. मग जानेवारी उजाडतो आणि तरुण संघाच्या बैठकीला पाच जण येतात. त्यांतली दोन पाळकसाहेबांचीच मुलं.

हे चित्र नगर, जालना, पुणे, वसई, मुंबई कुठेही थोड्याफार फरकानं दिसतं. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. इतक्या लहान समाजात तरुण संघ चालवणारे पाळक, फादर, सिस्टर, संडे स्कूलच्या बाई, नोकरी सांभाळून शनिवारची संध्याकाळ देणारे दादा-ताई यांच्यावर किती भार असतो, याची बाहेरच्यांना कल्पना नसते. त्यांनी खचू नये म्हणून हा आढावा. दोन-अडीचशे वर्षांचा अनुभव तपासला तर एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. ज्या मंडळीनं तरुणांच्या हाती खरं काम दिलं आणि ते काम करताना त्यांची सोबत केली, तिथे तरुण राहिले.

सुरुवात इंग्लंडातल्या ग्लॉस्टरपासून करू. 1780च्या सुमारास तिथल्या वृत्तपत्राचे मालक रॉबर्ट रेक्स यांनी आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी रविवारी शाळा उघडली. आधी अक्षरओळख आणि वाचायला पुस्तक बायबल. आज आपण संडे स्कूल म्हणजे गोष्टी, गाणी आणि रंगवायची चित्रं असं समजतो. तिचं मूळ कष्टकरी मुलांच्या निकडीच्या गरजेत होतं. 1844 मध्ये लंडनमध्ये कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या जॉर्ज विल्यम्सनं आपल्यासारख्याच काही तरुणांना जमवलं आणि त्यातून वायएमसीए उभी राहिली. सुरुवात करणारे स्वतःच तरुण नोकरदार होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1881 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडचे पाळक फ्रान्सिस क्लार्क यांना वेगळीच चिंता होती. पुष्कळ मुलं नव्यानं विश्वासात आली होती, पण त्यांना टिकवायचं कसं? त्यांनी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ संघ काढला. प्रत्येक सभासदानं प्रत्येक सभेत काहीतरी भाग घ्यायचा, नुसतं बसायचं नाही, असा तिथला दंडक होता. कामं समित्यांमध्ये वाटलेली होती. बघता बघता ही चळवळ जगभर पसरली.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो बेल्जियमचा जोसेफ कार्डाइन. हा कामगाराचा मुलगा. धर्मगुरू होण्यासाठी शिकत असताना सुटीत घरी आला, तेव्हा कारखान्यात जाऊ लागलेले बालमित्र त्याच्यापासून दुरावलेले दिसले. चर्च मालकांच्या बाजूचं आहे, असं त्यांना वाटत होतं. ही सल त्यानं जन्मभर जपली. 1925 मध्ये त्यानं तरुण ख्रिस्ती कामगारांची संघटना उभी केली आणि तिला एक साधी पद्धत दिली: पाहा, पारखा, कृती करा. आपल्या कारखान्यात, चाळीत काय चाललंय ते आधी नीट बघायचं. मग शुभवर्तमानाच्या उजेडात ते पारखायचं. आणि बैठक संपण्याआधी या आठवड्यात आपण काय करणार ते ठरवायचं. 1961 मध्ये पोप तेविसावे जॉन यांच्या परिपत्रकानं या पद्धतीचा आवर्जून उल्लेख केला. आपल्याकडच्या बहुतेक युवा बैठका दुसऱ्या पायरीवरच सुरू होतात आणि तिथेच संपतात. पहिली आणि तिसरी पायरी जोडली तर त्याच बैठकीत केवढा जीव येईल!

आता आपल्या मातीत येऊ. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत 1813 मध्ये सुरू झालं, अहमदनगरला 1831 मध्ये. या नगरमध्येच रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घर होतं. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे जेमतेम सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या मुलानं सगळ्यांचं लक्ष वेधलं आणि तो ‘बालकवी’ झाला. हा मुलगा पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्याच्याविषयी ज्या मायेनं लिहिलं आहे ते वाचावं आणि मग आपल्या युवाकार्याकडे बघावं. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांचे रुसवेफुगवे चालत, ते निघून जात, परतही येत. घराचं दार मात्र त्यांना बंद झालं नाही. तरुणांमध्ये काम करणाऱ्याला इतकं सुंदर उदाहरण मराठीत दुसरं सापडणार नाही. आपल्या मापात न बसणाऱ्या मुलालाही ताटावर जागा द्यायची आणि त्याच्या गुणाचं मनापासून कौतुक करायचं. टिळकांचं पाळकपण त्यांच्या प्रवचनांत होतं तितकंच या घरातही होतं.

दुसरं उदाहरण केडगावचं. 1896च्या दुष्काळानंतर पंडिता रमाबाईंनी अनेक मुलींना, विधवांना मुक्ती मिशनमध्ये आणलं. अन्न, निवारा, प्रार्थना यांवर त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, गाईगुरं आणि छापखाना असं सगळं तिथे उभं राहिलं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बाईला कळेल अशा भाषेत. ते छापण्याचं काम मुक्तीतल्या मुलींनीच केलं. ज्यांना खिळे जुळवण्याचं काम ठाऊक आहे त्यांना यातलं कष्टाचं मोल कळेल. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं यांमुळे देवनागरीची खिळेपेटी रोमनहून कितीतरी मोठी. एक खिळा चुकला की अर्थ बदलतो आणि हे तर पवित्र शास्त्र. दुष्काळातून आलेल्या, ज्यांना जगानं ओवाळून टाकलं होतं अशा मुलींवर रमाबाईंनी हे काम सोपवलं. रमाबाई 1922च्या एप्रिलमध्ये गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. तरुण मुलींवर विश्वास टाकणं म्हणजे काय असतं, ते यात दिसतं.

तिसरं उदाहरण अगदी अलीकडचं, वसईचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक होते. चर्चचं मासिक असूनही त्यांनी ते साहित्य, समाज, पर्यावरण यांना खुलं केलं. 1980च्या दशकाच्या अखेरीस वसईची शेती, बागा, विहिरी बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या, तेव्हा हरित वसईच्या चळवळीत ते पुढे उभे राहिले. चर्चच्या अंगणातली माणसं मोर्च्यात आली आणि मोर्च्यातल्या बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांशी त्यांची ओळख पक्की झाली. 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. 2024च्या जुलैत ते गेले. गावच्या पाण्याचा प्रश्न हाही श्रद्धेचा विषय आहे, हे त्यांनी एका पिढीला दाखवलं. कार्डाइनची पहिली पायरी ती हीच.

मग आजच्या नेत्यानं नेमकं काय करावं? तरुणांना द्यायचं काम खरं असावं. खुर्च्या मांडणं आणि चहा वाटणं हीही सेवाच आहे, पण वर्षानुवर्षं तेवढंच मिळालं तर हुशार मुलगा समजायचं ते समजतो. शिबिराचा हिशेब अकरावी-बारावीतल्या मुलीकडे द्या. पावत्या ठेवायला, रोजकीर्द लिहायला तिला शिकवा. पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतील असं करा आणि महिन्याच्या शेवटी हिशेब सगळ्यांसमोर वाचायला लावा. वर्षातला एक रविवार उपासनेची संपूर्ण आखणी तरुणांकडे द्या: शास्त्रवाचन, गीतं, मध्यस्थीच्या प्रार्थना, सगळं. मंडळीच्या कमिटीत पंचविशीच्या आतल्या दोघांना घ्या आणि त्यांना मत द्यायचा अधिकारही द्या. चुका होतील. हिशेबात पन्नास रुपये कमी भरतील, गाणं मधेच तुटेल, ज्येष्ठ मंडळी कुरकुर करतील. त्या वेळी नेत्यानं मुलांच्या बाजूनं उभं राहायचं असतं. योहान मार्क पहिल्या सुवार्ताफेरीतून अर्ध्यावर परतला, म्हणून पौल त्याला पुन्हा बरोबर घ्यायला तयार नव्हता. बर्णबानं त्याला घेतलं. परंपरेनं ज्याच्या नावावर शुभवर्तमान आहे तो मार्क हाच. पौलानंही उतारवयात त्याला बोलावून घेतलं. प्रत्येक तरुण संघाला एका बर्णबाची गरज असते.

मार्कावरून एक गोष्ट सुचवतो. सोळाच अध्यायांचं हे शुभवर्तमान एका संध्याकाळी पाळीपाळीनं मोठ्यानं वाचून काढता येतं. दीड-दोन तास लागतात. मध्ये विवेचन नको, भाषण नको. ज्यांनी आयुष्यभर तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आहे त्यांना ती गोष्ट पहिल्यांदा सलग भेटते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना देवनागरी वाचताना अडखळायला होतं; त्यांना लाजवू नका, छोटे उतारे द्या, आदल्या दिवशी वाचायला द्या. गीतं पडद्यावर रोमन लिपीत दाखवण्यापेक्षा हा मार्ग कष्टाचा आहे, पण त्यानं मूल भाषेतही येतं आणि उपासनेतही.

तरुणांचे खरे प्रश्न बैठकीत येऊ दिले पाहिजेत. नोकरी नाही, घरात दारू आहे, दुसऱ्या धर्मातल्या मुलावर जीव जडलाय, प्रार्थना करूनही आई बरी झाली नाही. यांवर तयार उत्तर फेकू नये. आणखी एक प्रश्न अनेक घरांत दबून असतो. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधलेल्या आहेत. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. बारावीनंतरच्या प्रवेशाच्या वेळी दाखल्याचा रकाना भरताना मुलाच्या मनात काय चालतं, हे पाळकाला ठाऊक हवं. ‘विश्वास ठेव’ एवढं म्हणून त्याची बोळवण करू नये. कायदा समजून घ्यावा, जाणकार वकिलाला बैठकीला बोलवावं, मुलाला मोकळं बोलू द्यावं.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र सोय-गैरसोय बघू नये. अठराखालची मुलं जिथे आहेत तिथे कोणीही मोठा माणूस, मग तो कितीही आदरणीय असो, बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर असू नये. शिबिराला पालकांची लेखी संमती, मुलींबरोबर महिला कार्यकर्त्या, प्रवासात आणि मुक्कामात किमान दोन प्रौढ. 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ‘चर्चची बदनामी होईल’ हे कारण कायद्यापुढे चालत नाही आणि देवापुढेही चालणार नाही. मुलांसाठीचा 1098 आणि मानसिक त्रासासाठी टेलीमानसचा 14416 हे क्रमांक सूचनाफलकावर लावून ठेवावेत. नैराश्यानं घेरलेल्या मुलासाठी प्रार्थना जरूर करा आणि त्याला डॉक्टरकडेही घेऊन जा.

आणि नेत्यांनी स्वतःकडे बघावं. खेड्यातला पाळक पाच-सहा वस्त्या सांभाळतो. रात्री अकरालाही त्याचा फोन वाजतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला दिसला, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो यानं त्याला सुनावलं, की अशानं तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम आणि अवघड तेवढं तुझ्याकडे येऊ दे. आपल्या मंडळ्यांत दहांवरचा नायक नेमलाच जात नाही. दहा घरांची विचारपूस करणारा एक तरुण आणि एक जाणती बाई अशी जोडी जरी उभी राहिली तरी पाळकाचा निम्मा भार हलका होतो.

एलीयाची कथा मला याहूनही मोलाची वाटते. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर तो रानात पळाला आणि झुडपाखाली बसून त्यानं मरण मागितलं. देवानं त्याला बोल लावला नाही. त्याला झोपू दिलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. खचलेल्या सेवकाला आधी झोप आणि जेवण लागतं, हे इतक्या स्पष्टपणे तिथे सांगितलेलं आहे. त्या कथेचा पुढचा भाग आपण सहसा शिकवत नाही. होरेबवरून परतताना एलीयाला जी कामं मिळाली त्यांत एक काम अलीशाला आपल्या जागी नेमण्याचं होतं. शेतात नांगर धरलेल्या त्या माणसाच्या अंगावर त्यानं आपला झगा टाकला. पाळकसाहेब, फादर, ताई-दादा, आठवड्यातला एक दिवस सुटी घ्या. सोमवार असेल तर सोमवार, पण मंडळीला सांगून घ्या. घरच्यांबरोबर जेवा. आणि आपला अलीशा कोण, याचा विचार मागे पडू देऊ नका.

राहता राहिलं शिक्षण-नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या मुलांचं. नगर, जालना, बीडकडच्या मंडळ्यांतून दरवर्षी पुण्या-मुंबईला मुलं जातात आणि शहरात हरवतात. त्यांना चर्च नकोसं झालेलं असतं असं नाही. ओळखीचं कोणी नसतं. गावच्या पाळकानं जूनमध्येच अशा मुलांची यादी करावी: नाव, फोन, कॉलेज, राहण्याचा पत्ता, मुलाच्या परवानगीनं. त्या भागातल्या पाळकाला फोन करून एकेका मुलाबद्दल सांगावं: हा पेटी वाजवतो, हिला लहान मुलांना शिकवायला आवडतं. शहरातल्या मंडळीनं पहिल्या महिन्यात त्याला एकदा घरी जेवायला बोलवावं आणि दुसऱ्या महिन्यात काहीतरी काम सोपवावं. तो कॅथलिक असेल, मेथडिस्ट असेल, उत्तर भारत चर्चचा असेल, त्याच्या पंथाचं चर्च जवळ नसेल तर जवळच्या चर्चनं त्याला सांभाळावं. दिवाळीत तो गावी येईल तेव्हा शिबिराचा एक तास त्याच्याकडे द्यावा. शहरात काय निभावलं आणि कुठे अडखळलं, हे तो धाकट्यांना सांगेल आणि पुढच्या जूनमध्ये निघणारी मुलं त्याचाच नंबर लिहून घेतील.