निशाणी नांगर

मध्ययुगीन युरोपात चिलखत घालून लढणाऱ्या सरदाराचे तोंड शिरस्त्राणाने झाकलेले असे. तो आपला की परका, हे रणांगणावर ओळखता यावे, म्हणून ढालीवर सिंह, गरुड अथवा रंगीत पट्टे काढण्याची चाल बाराव्या शतकात तेथे रूढ झाली. पुढे ते चिन्ह घराण्याचे झाले, मग नगरांचे झाले. आणि आज जर्मनीत लहान लहान खेड्यांनाही स्वतःचे चिन्ह असते. एखाद्या गावाच्या ढालीवर धान्याची लोंबी, तर दुसऱ्याच्या ढालीवर पाणचक्कीचे चाक. गाव कशावर जगले, हे त्या चित्रावरून कळते.

महाराष्ट्रातील खेड्यांनी अशा ढाली रंगविल्या नाहीत. तथापि चिन्हे त्यांनाही होती. ती वेशीवर नव्हे, तर कागदावर उमटत.

मराठेशाहीत वतनाचा किंवा शेताच्या हद्दीचा तंटा निघाला, म्हणजे गोतसभा भरत असे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि आसपासच्या गावांतील जाणती माणसे तीत बसत. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून, साक्षी घेऊन निवाडा लिहिला जाई. त्या कागदास महजर म्हणत. कुलकर्ण्यास लेखन येई. परंतु इतर अनेकांना अक्षरओळख नसे. मग त्यांनी आपली संमती नोंदवावी कशी?

यावर तोड निघाली, ती मोठी मार्मिक होती. प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या धंद्याचे साधन काढीत किंवा लिहीत. पाटलाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे. पेठेच्या शेट्याची तागडी, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. राजाची राजमुद्रा असे, तशी गावकऱ्याची ही निशाणी होती. शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी मुद्रेवर संस्कृत अक्षरे होती. पाटलाच्या मुद्रेवर अक्षर एकही नव्हते. पण ‘मी येथे हजर होतो, हा निवाडा मला मान्य आहे,’ एवढा अर्थ त्या चार रेघांत सामावलेला असे. ज्या साधनावर पोट भरावयाचे, तेच जणू साक्षीला उभे राही.

त्या काळच्या सभेत सर्वांचा मान सारखा नव्हता. जातीचा उच्चनीचपणा होता. पाटीलकीही वंशपरंपरेने चाले. ती व्यवस्था आता उरलेली नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार आज गावचा कारभार निवडून आलेले लोक पाहतात आणि गावातील प्रत्येक मतदार, मग तो स्त्री असो वा पुरुष, ग्रामसभेचा सदस्य असतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीतील अक्राणी, अक्कलकुवा, तळोदे या भागांतील ग्रामसभांना तर १९९६ च्या कायद्याने जल, जंगल व जमीन यांसंबंधी विशेष अधिकार लाभले आहेत.

नांगराची जागा आता सहीने किंवा अंगठ्याने घेतली आहे. चिन्ह बदलले, तरी त्याचा अर्थ बदललेला नाही. सही करणे म्हणजे नुसते नाव लिहिणे नव्हे. दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी पत्करणे होय. म्हणून कागद आधी वाचावा, न कळल्यास विचारावे, आणि पटल्यावरच आपली निशाणी उमटवावी.